तर सहा पस्तीस

ते मिसिंगचं प्रकरण कागदावर केव्हाच बंद झालं, माझ्यापुरतं मात्र झालेलं नाही. त्यातली दोन दिवसांची गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही, वरिष्ठांना नाही आणि बायकोलाही नाही. आता स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, म्हणून लिहितो.

मी तेव्हा नाशिक शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना चाळिशीचा एक गृहस्थ आला. त्याचे वडील बेपत्ता होते. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, वय सदुसष्ट. तीन दिवसांपूर्वी चांदवडला बहिणीकडे जातो म्हणून निघाले, तिथे पोचलेच नाहीत, फोन बंद. वर्षापूर्वी त्यांना एकदा चक्कर आली होती, तेव्हापासून मुलाने गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या. "त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय बहुतेक," म्हणत त्याने वडिलांची वही पुढे केली.

वहीत लिहिलं होतं: 'तर ६.३५. पुढे घाट, अकरा वळणं. तर ११.१०. मुक्काम.'

ठाणे अंमलदार म्हणाले, "नुसतं तर, तर. पुढचं वाक्यच नाही." मुलाने मान खाली घातली. मिसिंग दाखल केली, बिनतारी संदेश गेले.

दुपारी वही पुन्हा चाळताना मी थबकलो. माझी पहिली नेमणूक कोकणात, खाडीकाठी होती. तिथे पैलतीराला नेणाऱ्या नावेला 'तर' म्हणतात. मुलाला फोन लावून विचारलं. वडिलांची नोकरीतली सुरुवातीची वर्षं कोकणातल्याच डेपोत गेली होती. म्हणजे हा माणूस भरकटलेला नव्हता. त्याने वेळापत्रक लिहिलं होतं.

फोनच्या नोंदींत शेवटचा नंबर त्यांच्या जुन्या कंडक्टरचा निघाला. मी मनमाडला त्याच्या घरी गेलो. त्याच्या पत्नी एकट्याच होत्या. मालक गावाला गेलेत म्हणाल्या. कोणत्या गावाला, ते त्यांना काही केल्या आठवेना. उलट त्यांनीच माझी चौकशी चालवली, मुलं किती, शुगर आहे का. त्या चहा गाळत असताना मी सहज विचारलं, "तिथली तर किती वाजता सुटते?"

त्यांचा हात थांबला. मग हसल्या. "वही घरी ठेवू नका म्हणून मी दोघांना बजावलं होतं."

दोघे मित्र नॉर्वेत होते. कंडक्टरची पुतणी तिकडे नोकरीला. तिने राहायची सोय असलेली व्हॅन भाड्याने घेतली होती, आत बिछाने, शेगडी, सगळं. आणि पासपोर्टची पडताळणी खुद्द आमच्याच ठाण्यात झाली होती, ते आम्हालाच आठवलं नव्हतं.

बाईंनी व्हिडिओ कॉल लावला. मागे सरळसोट कडे, मधे हिरवंगार पाणी, बोटीच्या पोटात उभी व्हॅन. माझा गणवेश पाहून ड्रायव्हरसाहेबांचा चेहरा उतरला. समुद्र इथे डोंगरांत आतपर्यंत शिरतो, असं ते सांगू लागले. गाडी बोटीत घालायची, वर जाऊन चहा प्यायचा, पलीकडे उतरलं की लगेच घाट. डॉक्टरचा कागद आहे, पुतणी शेजारी बसून असते. मागून माकडटोपी घातलेला कंडक्टर म्हणाला, "मी पातेल्यावर डबल बेल देतो, साहेब. त्याशिवाय हा अजून गाडी हलवत नाही."

मग ड्रायव्हर हळूच म्हणाले, "पोराला कळलं की तो परत बोलावील, आणि मी येईन. त्याचा शब्द मी मोडत नाही. परवाचा मोठा घाट तेवढा होऊ द्या."

"दोन दिवस," मी म्हणालो. "मग स्वतः फोन करायचा."

गाडीत बसलो तेव्हा मी एकटाच हसत होतो. ठाण्यात आलो आणि डायरीत लिहिलं, 'शोध चालू.'

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात साक्षीला गेलो होतो. मनमाडजवळ रुळांवर एक बेवारस मृतदेह मिळाला, वर्णन जुळत होतं. अंमलदारांनी नियमाप्रमाणे मुलाला ओळख पटवायला पाठवलं. मी परतलो तेव्हा तो बाहेरच्या बाकावर बसला होता.

"ते नव्हते, साहेब," तो म्हणाला. "पण चादर बाजूला होईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना सगळ्या किल्ल्या परत देऊन बसलो."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण माझी नोंद खोटी ठरली असती. मी त्याला पाणी दिलं आणि म्हणालो, "सापडतील."

त्याच्या पुढच्या दिवशी मुलाला वडिलांचा फोन आला, घाटमाथ्यावरून. मुलगा आधी ओरडला, मग रडला, मग त्याने विचारलं म्हणे, "क्लच कसाय?" संध्याकाळी तो पेढे घेऊन ठाण्यात आला आणि माझ्या पाया पडू लागला; वडिलांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मी त्याला उठवलं. पेढा मात्र खाल्ला.

पुढे बापलेक एकदा नाशकातल्याच द्वारका चौकाच्या सिग्नलला दिसले. बाप चालवत होता, मुलगा शेजारी बसून त्याला संत्र्याच्या फोडी सोलून देत होता. फार बरं वाटलं.

म्हाताऱ्याला दोन दिवस दिल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण ते मी माझ्या खिशातले दिले नव्हते, त्या मुलाच्या जिवातून काढून दिले होते. दुसऱ्याच्या काळजीवर आपण परस्पर उदार होतो, हे चोवीस वर्षांच्या नोकरीत मला त्या बाकाने शिकवलं.

तो बाकावर बसला होता तेव्हा मला सगळं ठाऊक होतं, हे त्याच्या घरी जाऊन, त्याच्या तोंडावर सांगणं अजून बाकी आहे.