सरावाचं डोकं

काळाचौकीच्या बसस्टॉपवर एक गृहस्थ मला रोज सकाळी दिसायचे. पन्नाशी उलटलेली, शर्टाला कडक इस्त्री, हातात डबा. केस मात्र दर आठवड्याला नव्या तऱ्हेने बिघडलेले असायचे. कधी एक कल्ला वर, तर कधी मागे पायऱ्याच पायऱ्या. कोणी हसलं की ते मानेवरून हात फिरवत स्वतःही हसायचे.

एकदा बस फारच लांबली, तेव्हा मी विचारलंच, "काय हो, न्हावी बदलत का नाही?"

"न्हावी घरातलीच आहे ओ," ते म्हणाले. "मुलगी. बारावीला चांगले मार्क पडले, मी बँकेच्या परीक्षेचं बघत होतो, तर म्हणते, केस कापायला शिकणार. महिनाभर बोललो नाही तिच्याशी. मग एकदा बघतो तर पोर नारळाच्या शेंड्या कापत बसलेली. उपदेश सगळ्यांनी दिला तिला, सरावाला डोकं कोणी देईना."

"मग?"

"मग काय, स्टूल ओढलं आणि बसलो तिच्यापुढे. कात्री लावायलाच धजत नव्हती ती. आता बिनधास्त चालवते."

माझ्या मुलाने इंजिनिअरिंगचा क्लास सोडून स्वयंपाक शिकायचं ठरवलं होतं. पंधरा दिवस आमच्यात अबोला होता. त्या संध्याकाळी त्याने केलेली आमटी मी मागून घेतली. खारट होती. तरी आणखी एक वाटी मागितली, तसा तो समोर येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, खरं सांगा, काय चुकलं?"