चिमणीविरुद्ध पहिली सही

कापड गिरणीच्या बॉयलरवर काकांचं आयुष्य गेलं. चिमणीतून काळाकुट्ट धूर निघाला की ते खूश असायचे, कारण धूर म्हणजे काम आणि काम म्हणजे पगार. घरात मात्र त्यांच्या आईचा खोकला थांबेना. तेव्हा काकूंनी गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि नव्यानेच उघडलेल्या प्रदूषण कार्यालयात तक्रार दिली. पहिली सही त्यांचीच होती.

"माझ्याच पोटावर पाय दिलास?" असं म्हणून काकांनी अबोला धरला.

"गिरणी बंद करा म्हटलं नाही, धूर गाळा म्हटलंय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी ताट वाढलं.

मालकाने बरीच टोलवाटोलवी केली, पण नव्या कायद्यापुढे त्याचं काही चालेना. शेवटी चिमणीला गाळणी बसली आणि ती झटकायचं काम काकांकडेच आलं. पहिल्याच दिवशी पोतंभर काजळी निघाली. घरी येऊन ते आईच्या उशाशी बसले.

"हे सगळं आपण गिळत होतो गं," ते काकूंना म्हणाले आणि अबोला सुटला.

आईचा खोकला पुरता गेला नाही, पण तिला शांत झोप लागू लागली. पुढे इतर गिरण्याही गाळणी बसवताना काकांनाच बोलवायच्या. तुमच्याकडे हे कुणी सुरू केलं, असं विचारलं की ते हसून सांगायचे, "आमच्या मंडळींनी."