नववी पायरी, दोन बोटं

आमच्या गावच्या कचेरीचा जिना अठरा पायऱ्यांचा. काळ्या दगडाच्या लाद्या, डावीकडे भिंत, उजवीकडे हातांनी घासून गुळगुळीत झालेला लाकडी कठडा. त्यातल्या सतरा पायऱ्यांबद्दल कुणी कधी एक शब्द काढला नाही. पायरी चांगली असली की माणूस तिच्याकडे बघत नाही. बोलत बोलत वर जातो आणि आपण चढलो हेही त्याला कळत नाही. नववी मात्र दोन बोटं उंच होती.

दोन बोटं म्हणजे डोळ्याला काहीच नाही. पण पायाची गोष्ट वेगळी. पाय पहिल्या तीन पायऱ्यांतच माप घेऊन ठेवतो आणि पुढे कुणाला न विचारता त्याच मापाने उचलला जातो. आठ पायऱ्या माप जुळायचं. नवव्या पायरीच्या कडेवर अंगठा आदळायचा, आणि माणूस दोन्ही हात पुढे करून, मान खाली घालून, अकराव्या पायरीवर ओणवा व्हायचा. चोवीस वर्षं सगळं गाव त्या कचेरीत असं वाकून शिरलं. वर बसलेल्या साहेबांना वाटायचं, काय नम्र माणसं आहेत इथली!

जिन्याच्या वरच्या टोकाला स्टुलावर शिपाई बसायचा. चाहूल लागली की न बघता ओरडायचा, "नववी!" परका माणूस "काय म्हणालात?" म्हणून वर बघायचा आणि नेमका तिथेच आदळायचा.

"तेच म्हणालो," शिपाई म्हणायचा.

आता ठेच लागलेल्या माणसाची एक गंमत असते. त्याला रागावता येत नाही. बांधाची, वाटेची, पाण्याची भांडणं घेऊन लोक दातओठ खात यायचे. "आज एकेकाला बघून घेतो," असं पहिल्या पायरीवर म्हणायचे. नवव्या पायरीवर कागद उडायचे, चप्पल सुटून घरंगळत खाली जायची, आणि ज्याला बघून घ्यायचं तोच मागून ती चप्पल हातात घेऊन यायचा. "फार लागलं का?" मग सांगा, कसं भांडायचं? अंगठा धरून दोघं एका बाकावर बसायचे, आणि अर्धं प्रकरण तिथेच निकालात निघायचं.

कचेरीतल्या माणसांच्या पायांना मात्र ती पायरी पाठ होती. हेडक्लार्क आणि तीन कारकून नवव्या पायरीला कोंबडीसारखा गुडघा वर घ्यायचे आणि दहाव्या पायरीला पाऊल हलकेच टेकवायचे. हेडक्लार्कांची बायको तर सांगायची, की घरच्या सपाट अंगणातसुद्धा नवव्या पावलाला यांचा गुडघा आपोआप वर जातो.

हा जिना बांधणारा मिस्त्री आमच्याच गावचा. शाळा त्याने बांधली, मोठ्या विहिरीचा कठडा त्याने बांधला, गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. त्याच्या भिंतीला ओळंबा लावला तर दोरीला हलायला जागा मिळायची नाही. पण माणसाने आयुष्यभर सरळ केलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. गावाने त्याचं नाव ठेवलं ठेचमिस्त्री. कुणी म्हणायचं, त्या दिवशी तो प्यायला होता. कुणी म्हणायचं, तेव्हाच्या साहेबांवर सूड उगवला. मिस्त्री हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. कचेरी आली की तो फक्त रस्ता बदलायचा. मुलगी लहान असताना तिचं बोट धरून चाललेला असला तरी गल्लीतून वळसा घालायचा. सगळं गाव त्या जिन्यावर पडून झालं, एक त्याची मुलगी सोडून.

दर नव्या साहेबांना तो जाऊन भेटायचा, तेही खालच्या अंगणात गाठून. "साहेब, एक लादी काढतो, खालचा माल दोन बोटं खरवडतो, परत बसवतो."

"तक्रार कुणाची आहे?"

"माझीच."

"कामाबद्दलची तक्रार काम करणाऱ्याने करायची सोय नाही हो," असं सांगून पाच साहेब बदलून गेले.

यंदा त्याच्या मुलीला कारकुनाची नोकरी लागली. पत्र आलं. कचेरी कुठली, तर तीच. बायकोने दोनदा वाचून घेतलं आणि डोळे पुसले. मिस्त्री भिंतीकडे बघत बसला.

"अहो, हसा तरी!"

"कशाला हसू? पहिल्याच दिवशी माझीच पायरी तिला पाडणार. आणि तो शिपाई वरून गावभर ऐकू जाईल असं ओरडणार, 'ठेचमिस्त्रीची मुलगी ठेचाळली!' चोवीस वर्षं मी ऐकलं. आता तिने ऐकायचं?"

तो तडक कचेरीवर गेला. सहावे साहेब येऊन आठ दिवस झाले होते. ते जिन्यातून खाली येत होते, सदरा छातीपासून खालपर्यंत चहाने भिजलेला आणि हातात नुसता कपाचा कान.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, ती पायरी..."

"फोडा!" साहेब म्हणाले. "आत्ता फोडा!"

शनिवारी दुपारी कचेरी सुटली आणि मिस्त्री कामाला लागला. आधी त्याने खालच्या पायरीच्या कडेपासून वरच्या पायरीच्या कडेपर्यंत सुतळी ताणली. सुतळी सगळ्या कडांना टेकायला हवी. नववी तिला पोटातून वर ढकलत होती. मिस्त्री तिच्यासमोर बसला. जिन्यात वरच्या खिडकीतून ऊन उतरत होतं, पायरी पायरी करत, आणि ते ऊनसुद्धा नवव्या पायरीला जरा अडखळत होतं. मग त्याने छिन्नी लावली. संध्याकाळी पुन्हा सुतळी ताणली तेव्हा ती अठराही कडांवर अशी निजली, की तिला उचलायचं त्याच्या जिवावर आलं.

सोमवारी मिस्त्री समोरच्या खांबाआड उभा राहिला. मुलगी आली. नवे कपडे, हातात डबा. जिना चढली आणि वर गेली. जिन्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.  आपल्या जिन्याकडे न बघता चढून जाणारं माणूस त्याने चोवीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात हेडक्लार्क आले. आठ पायऱ्या चढले. नवव्या पायरीला सवयीप्रमाणे गुडघा वर गेला, पाऊल दोन बोटं हवेत उतरलं आणि हेडक्लार्क धप्पकन आपटले. त्यांचा चष्मा थेट अंगणात आला. मागून पहिला कारकून, धप्प. दुसरा, धप्प. तिसरा त्या दोघांवर. शिपाई पाण्याची कळशी घेऊन चढत होता. "नववी!" असं स्वतःच ओरडला आणि कळशीसकट गेला. शेवटी साहेब आले.

"अहो, आठ दिवस लागले होते मला शिकायला!" असं ते पाण्यात बसून म्हणाले.

अख्ख्या कचेरीत त्या दिवशी न लंगडणारी एकच व्यक्ती होती, नवी कारकून.

पाय काय, शिकलेलं विसरतात. आठवड्याभरात सगळे सरळ चालायला लागले असते. पण दुपारी बांधाचं भांडण घेऊन दोन भाऊ आले. दोघं सरळ चढले. कुणी वाकलं नाही, कुणाची चप्पल निसटली नाही, सगळा राग जसाच्या तसा वर पोहोचला. मंगळवारी बाकाचा पाय मोडला. बुधवारी साहेबांचा आवाज बसला. गुरुवारी सकाळी गुडघ्याला पट्टी बांधलेले हेडक्लार्क मिस्त्रीच्या दारात उभे.

"मिस्त्री, आमची पायरी परत द्या."

"काय म्हणता?"

"लेखी हुकूम आहे. 'पायरी क्रमांक नऊ पूर्ववत करावी.' हे बघा, सही, शिक्का. आणि इथे काय लिहिलंय वाचा. 'काम कुशल कारागिराकडूनच करून घ्यावे.'"

"कुशल कारागीर वाकडं काम करत नाही."

"मग आधी कुणी केलं होतं?"

मिस्त्रीने हातातला चहा खाली ठेवला. "ती चूक आनंदात झाली होती हो! शुद्धीवर असताना कशी करू?"

हे तो बोलून गेला. कचेरीत निघालेली मुलगी उंबऱ्यातच थांबली. "कसल्या आनंदात, बाबा?"

"काही नाही. तुला उशीर होईल."

"सांगा की," आतून बायको म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

आणि ती हात पुसत बाहेरच आली. "अगं, हे त्या दिवशी काठीने मोजून भिंतीवर पायऱ्यांच्या रेघा ओढत होते. आठ ओढून झाल्या होत्या. तेवढ्यात या शिपायानेच खालून हाक मारली, 'मिस्त्री, मुलगी झाली!' यांनी उठता उठता न मोजताच नववी ओढली, दोन बोटं वर, आणि धावत आले. दुसऱ्या दिवशी त्याच रेघेवर लादी बसवली. ओल्या बोटाने पुसलं असतं तरी चाललं असतं, पण तेव्हा यांचं लक्ष पाळण्यात."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही? लोक दारुडा म्हणाले तुम्हाला!"

"मला म्हणाले ना?" मिस्त्री म्हणाला. "खरं सांगितलं असतं तर तुला म्हणाले असते. पोरीचा पायगुण बघा म्हणाले असते, आल्या आल्या जिना वाकडा केला."

हेडक्लार्कांनी चष्मा काढून पुसला. त्याची एक काच सोमवारीच गेली होती, तरी पुसली.

मुलगी उंबऱ्यावर बसली. "म्हणजे ती माझ्याच वयाची. जुळी बहीणच की माझी! आणि तुम्ही तिला छाटून टाकलंत?"

"तुझ्यासाठीच छाटलं गं."

"मग माझ्यासाठीच परत बसवा."

शनिवारी मिस्त्री पुन्हा जिन्यात बसला. आता पंचाईत अशी, की दोन बोटं कुणाची? त्याची स्वतःची बोटं चोवीस वर्षांत चुन्या-सिमेंटने जाड झालेली. चूक करायची तर ती तंतोतंत व्हायला हवी, असा त्याचा हट्ट. शेवटी शिपायाला बोलावलं. शिपायाने डोळे मिटले आणि तो खालून चढत आला. "एक सूत खाली घ्या." मिस्त्रीने लादी ठोकली. शिपाई पुन्हा खाली गेला, पुन्हा चढला. "आता अर्धं सूत जास्त खाली गेली." चौदा वेळा चढला. पंधराव्या वेळी नवव्या पायरीला त्याचा गुडघा वर गेला, पाऊल अलगद टेकलं आणि मिटल्या डोळ्यांनीच तो हसला. "आली हो घरी."

सोमवारी मिस्त्री खांबाआड उभा राहिला नाही. जिन्याच्या तोंडाशी, सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला. मुलगी डबा घेऊन आली आणि त्याच्याकडे बघून चढू लागली.

"नववी!" वरून शिपाई ओरडला.

"ओळखते हो काका, घरचीच आहे!" म्हणत तिने वर बघितलं आणि जी आदळली, ती थेट अकराव्या पायरीवर. डब्याचं झाकण टणटणत एकेक पायरी उतरत मिस्त्रीच्या पायाशी येऊन गोल फिरत राहिलं.

"ठेचमिस्त्रीची मुलगी ठेचाळली!" शिपायाने गावभर ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.

मिस्त्रीने झाकण उचललं, सदऱ्याला पुसलं आणि वर तोंड करून विचारलं, "कितव्या पायरीला?"

"नवव्या!"

"मग बरोबर बसली आहे," मिस्त्री म्हणाला.