नसलेल्या मामाचं गाव

माझ्या आईला भाऊ नव्हता. ती एकुलती एक होती आणि मी नऊ वर्षांचा असताना गेली. तिला शेवटचं माहेरचं लुगडं नेसवायचं तर आणणारा कुणी नाही, म्हणून शेजारच्या काकूंनी आपल्या पेटीतलं कोरं लुगडं काढून दिलं. हे पूर्ण्याच्या आमच्या रेल्वे चाळीतल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही पंधराव्या वर्षी मी तीन आठवडे मामाकडे राहून आलो, हे त्याच चाळीने जराही न हसता मान्य केलं.

बाबा पूर्णा जंक्शनवर सांधेवाले होते. खटका ओढून रूळ बदलायचे आणि गाडी परभणीकडे, नांदेडकडे नाहीतर हिंगोलीकडे लावून द्यायची, हे त्यांचं काम. घरात आम्ही दोघंच. भाकरी ते थापायचे, तिच्याबरोबरचं कोरड्यास मी करायचो. बोलणं बेताचंच. त्यामुळे मी बोलायचा थांबलो हे त्यांच्या लक्षात यायला आठ दिवस गेले. त्यांना बोल लावत नाही, झालं ते सांगतो.

पोलीस ॲक्शनला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. पुढे ज्या दोघा-तिघांना मी हे सांगितलं, त्यांनी लगेच विचारलं, रझाकारांच्या वेळचं काही पाहिलं होतं का? लोकांना कारण लागतं. मी काहीच पाहिलं नव्हतं. एके सकाळी बोलावंसं वाटेना, मग जेवावंसं वाटेना, मग उठावंसं वाटेना. शाळेला निघायचो आणि वाटेत रुळाच्या कडेला बसून राहायचो. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमधल्या माणसांनी दोनदा हाताला धरून घरी आणून सोडलं. दुसऱ्या वेळी बाबा घाबरले. अंगारे-धुपारे झाले, गंडा झाला, आणि शेवटी रेल्वेच्या पासावर ते मला हैदराबादला वेड्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

दवाखान्याच्या फाटकात त्यांनी मला थांबवलं आणि एक नाव सांगितलं. ते माझं नव्हतं. म्हणाले, "हितं तुझं हे नाव. ध्यानात ठेव." मी बोलतच नव्हतो, तेव्हा विसरलो असतो तरी काय बिघडणार होतं.

बावीस दिवस मी तिथे होतो. मला भेटायला कुणी आलं नाही. तेविसाव्या दिवशी बाबा आले, दवाखान्याने दिलेला उर्दू कागद घडी घालून टोपीत ठेवला, आणि घरी आल्यावर बंब पेटवताना त्यात घातला. काकू विचारायला आल्या तर म्हणाले, "मामाकडं गेलता." काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं, हवापालट झाला," म्हणाल्या आणि मला ताक आणून दिलं.

त्यानंतर आठ वर्षं कुणी एक शब्द काढला नाही. पोरांच्या भांडणात आई-बाप निघायचे, जात निघायची, माझं ते बावीस दिवसांचं कधी निघालं नाही. मी वाट पाहायचो. कुणीतरी एकदा तोंडावर वेडा म्हणावं, म्हणजे मला भांडता येईल, नाही रे, आता बरा आहे मी, असं सांगता येईल. पण मी गेलो की नळावरचं बोलणं जरा हळू व्हायचं आणि मला आधी पाणी भरू द्यायचे. चांगुलपणाचाही जाच असतो. माणसांनी भरलेल्या चाळीत मी एकटाच राहत होतो.

नांदेडला शिकून पदवी घेतली, वालूरच्या शाळेत तात्पुरती मास्तरकी धरली, आणि तिथे वर्तमानपत्रात फौजेतल्या अफसरांच्या भरतीची जाहिरात वाचली. देशभक्ती वगैरे थोडी होतीच, नाही कशाला म्हणू. पण खरी गोष्ट वेगळी होती. फौजेचे डॉक्टर माणसाला नखशिखांत तपासतात आणि मगच घेतात, असं ऐकलं होतं. मी शाबूत आहे, असं मला कुणाकडून तरी शिक्क्यानिशी लिहून हवं होतं.

अर्जात प्रश्न होताच. पूर्वी कधी मनाचा आजार झाला होता का? मी सुट्टीत घरी बसून अर्ज भरत होतो. मी "हो" लिहिलं, पुढे दिवस लिहिले, दवाखान्यात दिलेलं खोटं नावही लिहिलं, आणि नातेवाइकांच्या रकान्यात मामा नाही असं लिहिलं. बाबांनी इंग्रजी वाचलं नाही, माझा चेहरा वाचला.

"कशाला लिहायलास ते? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी म्हणालो, आठ वर्षं झाकून हात आखडला आहे. ते उठून ड्यूटीवर गेले.

बंगळूरला निवड मंडळापुढे चार दिवस काढले. पिंपं आणि फळ्या देऊन नसलेली नदी ओलांडायला लावली, दोरावर लोंबकळायला लावलं, चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावल्या. इतर उमेदवार फाडफाड इंग्रजी बोलायचे, मी मनात मराठीतून जुळवून मग बोलायचो. तरी निवडलेल्यांत माझा नंबर लागला. राहिली वैद्यकीय तपासणी. पांढऱ्या मिशांचा एक फौजी डॉक्टर माझा अर्ज समोर ठेवून बराच वेळ बसला. बरा कसा झालास, त्याने विचारलं. मी म्हणालो, एक दिवस पाणी मागितलं, तेव्हापासून बोलतो आहे. तो हसला नाही. लढाईत असे गप्प झालेले त्याने पाहिले होते, आणि त्यातले पुन्हा उभे राहिलेलेही पाहिले होते. दवाखान्याच्या वहीत खोटं नाव, कागद जळलेला, म्हणजे पुरावा काही नाही, असं तो म्हणाला. पण तू स्वतःहून लिहिलं आहेस. आता घरची चौकशी होईल. हा आजारी होता आणि बरा झाला, एवढं तुझ्या माणसांपैकी एकाने सांगितलं तरी मी तुला पास करीन.

परतीच्या गाडीत मी सबंध वेळ दाराशी उभा होतो. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. वालूरला पोचताच बाबांना पत्र टाकलं, चौकशीला कुणी येईल, जे झालं ते सगळं सांगा, त्यानेच माझं काम होणार आहे.

दीड-दोन महिन्यांनी फौजेचं उत्तर आलं. तीन ओळींचं, नाकारल्याचं. कारण लिहिलं नव्हतं. मी पूर्ण्याला आलो, तर प्लॅटफॉर्मवर चौकशी करून गेलेला पोलीस जमादारच भेटला. मला पाहून संकोचला, मग चहा पाजला. दोन घोट घेतल्यावर त्याला राहवलं नाही.

"मास्तर, राग मानू नका. तुमाला मामे तरी किती हायत? काकू म्हनल्या पालमचा मामा. गँगवाला म्हनला वालूरचा. पल्याडच्या घरी ईचारलं तर तिसरंच गाव. पोरगा लय गुनाचा, कंदी आजारी न्हवता, मामाकडं गेलता, हे मातर समद्यांनी शपतेवर सांगितलं. आन् तुमी तर अर्जात लिवलंय, मामा न्हाई म्हनून."

त्याने ऐकलं तसं लिहून पाठवलं होतं. त्याची काय चूक. चाळीतल्या प्रत्येक माणसाने माझ्यासाठी खोटं बोलून मला वाचवलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी आजारी होतो हे कुणीच सांगितलं नाही, म्हणून मी बरा झालो हेही कुणाला सांगता आलं नाही. मला राग आला, आणि त्याच वेळी रडूही आलं, कारण इतकी वर्षं त्यांना सगळं ठाऊक होतं आणि एवढं सगळं त्यांनी माझ्यासाठी सांभाळलं होतं.

मी घरी आलो तेव्हा बाबा चुलीपुढे होते. भांडायचंच ठरवून आलो होतो. तुम्ही काय सांगितलंत, मी विचारलं.

"मामाकडं गेलता म्हनून सांगितलं." त्यांनी पीठ मळायला घेतलं. "तुझं पत्तर खिशात व्हतं. पर तोंडातून दुसरं निगंनाच."

मी भिंतीला टेकून बसलो. त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथं पोटभर देत व्हते का रे खायला?"

आठ वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं. मी म्हणालो, देत होते. वरण पातळ असायचं. थंडीचं काय, त्यांनी विचारलं. दोन घोंगड्या होत्या म्हणालो. ते थोडा वेळ जाळ सारत राहिले.

"आन् त्या नावानं हाका मारल्या की ओ देत व्हतास?"

"नाही," मी म्हणालो. "मला वाटायचं, तुम्ही याल आणि खऱ्या नावाने हाक माराल."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा बाबांनी ती काढली, दुसरी थापून मला दिली, आणि करपलेली स्वतःच्या ताटात घेतली.