मोठीनं दाखवलेलं बँकॉक

बँकॉकहून आले म्हटलं की बोरगावातल्या बाया पहिला प्रश्न विचारतात तो सोन्याच्या बुद्धाचा. तो मी पाहिला नाही. राजाचा महाल पाहिला नाही, पाण्यावरचा बाजार पाहिला नाही, समुद्र तर लांबच राहिला. मी पाहिली फुटपाथवर ठेवलेली कपडे धुण्याची मशीन, एक औषधाचं दुकान, गटारासारखा वास मारणारा एक कालवा आणि भाजीबाजार. "भाजीबाजार पाहाले विमानात काऊन बसली वं?" असं शेजारीण म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. आम्ही नवराबायको बोरगाव मेघेच्या पलीकडे भाजी पिकवतो आणि मी ती वर्ध्याच्या बाजारात बसून विकते. माझा अर्धा जन्म भाजीच्या पाटीमागे गेला आहे.

मी काही फिरायला गेले नव्हते. माझी धाकटी बहीण तिकडे राहते. तिच्या नवऱ्याची नोकरी तिथली, दोन्ही मुली तिथेच जन्मल्या. थोरली अकरा वर्षांची, धाकटी सहा. यंदा बहिणीच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाकणं, उचलणं, जिने चढणं सगळं बंद केलं. जावई सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. बहिणीनं फोन केला, "ताई, तू ये. आन जाताना दोघींले तुह्यासंगं घेऊन जा. वर्षभर तिकडंच शाळेत टाक. मले नाई होत आता."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. आम्हाला मूलबाळ नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते घशात अडकतही नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि नवऱ्यालाही नाही. स्वयंपाकघराचं गळतं छप्पर नीट करायला ज्या माणसाला सहा वर्षं सवड मिळाली नव्हती, त्यानं दुसऱ्याच दिवशी मागची खोली रिकामी करून गुलाबी रंग काढला. मी म्हटलं, "इतका रंग तर लग्नातही नोता काढला." तो नुसता हसला.

तिथं पोचल्यावर बहीण पडल्या पडल्या मला हळूच म्हणाली, "मोठीले अजून सांगतलं नाई. तू जरा तिकडची गोडी लाव." गोडी लावायची म्हणजे काय, मी आपली बोलत सुटले. आमच्याकडे विहीर आहे, गाईचं वासरू आहे, अंगणात झोपलं की चांदण्या दिसतात. धाकटीनं विचारलं, "घोरपड हाय का?" त्यांच्या बागेतल्या तळ्यात घोरपडी राहतात, कुत्र्यांसारख्या निवांत फिरतात म्हणे. मी म्हटलं, शेतात निघते एखादी. तिचं समाधान झालं. थोरली ऐकून घ्यायची आणि "हो" म्हणायची. तेवढंच. बहिणीनं मुलींशी घरात आपलीच बोली ठेवली आहे, त्यामुळे बोलण्याची अडचण नव्हती. अडचण होती ती त्या "हो"ची. बाजारात गिऱ्हाईक असं "हो" म्हणतं तेव्हा ते काही घेणार नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

मग थोरलीनंच एक दिवस सकाळी चप्पल घातली आणि म्हणाली, "चाल मोठीआई, तुले बँकॉक दाखवतो." आमच्याकडे आईच्या मोठ्या बहिणीला मोठीआई म्हणतात. त्या एका हाकेसाठी मी तिच्यामागे कुठेही गेले असते, आणि खरोखर गेलेही. तिची शाळेची सुट्टी होती, घरात आईला आराम हवा होता. जावई म्हणाले, बुद्ध पाहून या, गाडी करून देतो. थोरली म्हणाली, "तिथं फक्त फिरणारे लोकं जातात." आम्ही जणू कामावर निघालो होतो.

आमच्याकडचं ऊन भाजतं, तिथलं उकडतं. घराबाहेर पडताच अंगाला कपडे चिकटायचे. गल्ली संपली की कपडे धुण्याची मशीनं ओळीनं उभी. थोरली पिशवीतले कपडे आत टाकायची, नाणी टाकायची, बटण दाबायची आणि मला सांगायची, "पांढरे अलग टाका लागते." मी म्हटलं, बाई, हे मला येतं. ती म्हणाली, "नाई, पाह्यजो तू." मी पाहिलं. मग औषधाचं दुकान. तिथल्या बाईला हात जोडून तिनं काहीतरी सांगितलं आणि आईच्या गोळ्या घेतल्या. मग धाकटीच्या शाळेचं बंद फाटक. त्या फाटकात काय पाहायचं ते मला कळेना, पण आम्ही तिथं बराच वेळ उभ्या राहिलो. कुठल्या वळणावर मोटरसायकलवाले सुसाट येतात आणि कुठं धाकटीचा हात धरायचा, ते तिनं मला तपशिलात दाखवलं.

कालव्यातून बोट जाते. आपल्या एसटीसारखीच, कामावर जाणाऱ्यांची. धक्क्याला ती पुरती थांबतही नाही, लोक टुणकन आत उडी मारतात. कडेला पाणी उडू नये म्हणून प्लास्टिकचा पडदा, आणि तो वर ओढायला दोऱ्या. ज्याच्या हाताशी दोरी त्यानं ओढायची. थोरली दोरी ओढत उभी राहायची, धाकटी माझ्या मांडीवर झोपी जायची. सहा वर्षांचं पोर झोपलं की दुप्पट जड होतं. माझा पाय बधिर व्हायचा, पण मी हलायची नाही. खरं सांगते, ते वजन मला हवं होतं. घरी जाऊन पाय मिठाच्या पाण्यात बुडवताना सुजलेल्या घोट्यांकडे पाहून मी स्वतःवरच चिडायची, की ज्या वयात बाया नातवंडांच्या मागे धावून थकतात, त्या वयात मी परमुलखात येऊन आईपणाची सुरुवात करायला निघाले आहे.

भाजीबाजारात मात्र मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. बाजार मोठा, ओला, जमिनीवर पाणी, डोक्यावर ताडपत्री, ओरडा सगळा आपल्यासारखाच. आणि एका पाटीत कोवळी हिरवीगार भेंडी. इतक्या दिवसांनी ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं मला. मी पुढे झाले, एक उचलली आणि कटकन तिचं टोक मोडलं. मग दुसरीचं. मग तिसरीचं. आपल्याकडे कोवळी आहे की जून हे असंच पाहतात. आणि वर्ध्याच्या बाजारात असं करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातावर मारायला धावणारी बाई कोण, तर मी. मोडलेली भेंडी दुसरं कोणी घेत नाही, विकणाऱ्याच्या गळ्यात पडते. पाटीमागची बाई माझ्याच वयाची असावी. ती जी ओरडली, तिचा एक शब्द मला कळला नाही आणि सगळं कळलं. बाजूचे लोक वळून पाहू लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

थोरली मध्ये आली. हात जोडले, मान लववली आणि हळू आवाजात बोलत राहिली. बाई ओरडायची थांबली, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणाली. थोरलीनं मला सांगितलं, "ती म्हणते, तुमच्या बाजारात असं मोडू देतात काय?"

"नाई देत," मी म्हटलं.

तिनं ते सांगितलं तशी ती बाई हसायला लागली. आम्ही मोडलेली भेंडी घेतली, आणि वर आणखी घेतली. परत येताना मी थोरलीला म्हटलं, "तू नसती तर मले तं मारच बसला असता." ती एकदम थांबली. "खरं न?" म्हणाली. तिच्या तोंडावर जे आलं ते पाहून मला वाटलं, कौतुकानं खुलली पोर. मला तेवढंच कळलं.

रोज संध्याकाळी नवऱ्याचा फोन यायचा. मोठीला सायकल लाल पाहिजे की निळी. धाकटी वरण खाते का. शाळेत बोलून ठेवलं आहे, मास्तरीणबाई म्हणाल्या, आणा पोरींना. इतकं बोलणारा हा माणूस कुठे होता इतकी वर्षं, असं मला वाटायचं. मी म्हणायची, विचारून सांगते. विचारलं मात्र कधीच नाही. विचारलं की उत्तर येईल, याची मला भीती होती. बहीण रोज डोळ्यांनी विचारायची, लागली का गोडी? आणि मी रोज तिच्या पाठीची उशी नीट करायच्या निमित्तानं मान फिरवायची.

जाण्याची तारीख जवळ आली. त्या दिवशी आम्ही बागेत गेलो होतो. धाकटीला मला तिची घोरपड दाखवायची होती. घोरपड दिसली, आमच्याकडच्यापेक्षा दुप्पट मोठी, आणि धाकटी तिच्याशी बोलत बसली. एका बाजूला पुष्कळ बाया गाण्यावर हातपाय हलवत व्यायाम करत होत्या, लोक पळत होते. सहा वाजले आणि भोंग्यावर त्यांचं राष्ट्रगीत लागलं. सगळी बाग जागच्या जागी उभी राहिली. पळणारे थांबले, बाया थांबल्या, धाकटीसुद्धा हात खाली सोडून ताठ. मीही उभी राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी मला थांब म्हणालं, असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला काही कारण नव्हतं, नुसता थकवा होता.

गाणं संपलं. बाग पुन्हा हलायला लागली. थोरली मात्र माझ्यासमोर तशीच उभी होती.

"मोठीआई, झालं न पाहून?"

"काय?"

"सगळं. कपडे धुवाचं पाह्यलं. दवाई आणाचं पाह्यलं. लहानीले शाळेत सोडाचा रस्ता, बोट, भाजी. बाजारात तू भेंडी मोडली तवा मीच बोलली न? मले सगळं येते. भातही लावता येते. आईले उठा लागत नाई." तिचा आवाज इतका वेळ सरळ होता, तो आता हलला. "मंग आमाले काऊन नेऊन राह्यली तू?"

तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला कशाला लागतं, दोन खोल्यांचं घर ते. बहिणीनं मला फोन केला त्या दिवसापासून या पोरीला ठाऊक होतं. मला वाटत होतं ती मला शहर दाखवते आहे. ती रोज मला घेऊन जाऊन परीक्षा देत होती, आणि मी मूर्खासारखी पाय दुखतात म्हणून कुरकुरत मागे चालले होते. मला बहिणीचा राग आला, जावयांचा आला, स्वतःचा तर सगळ्यांहून जास्त आला. अकरा वर्षांच्या पोरीनं एक घर चालवता येतं हे कोणाला सिद्ध करून का दाखवावं?

आणि तरीही मला त्या हव्या होत्या. तेही लिहिते. त्या क्षणीसुद्धा मनात आलं, की लेकरं विसरतात, महिन्याभरात रुळतील, मोठी होऊन म्हणतील बरं झालं नेलंस. दोन गोड शब्द बोलले असते तर ती गप्प बसली असती. तिला "हो" म्हणायची सवय होती.

"नाई नेत," मी म्हटलं.

"आईनं सांगतलं तरी?"

"तरी. मीच राहीन इथं. तुही आई आपल्या पायानं खाली उतरून बाजारात जाईल तवा जाईन मी." हे बोलताना घरी काय सांगायचं, बाजार एकटा माणूस कसा सांभाळेल, त्या देशात इतके महिने राहू देतात की नाही, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. नवऱ्याचा फोन यायची वेळ झाली होती. मी पिशवीतला फोन चाचपला.

मला वाटलं, ती आनंदानं उडी मारेल, गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. ती बागेच्या कडेच्या दगडावर बसली, चपला काढल्या आणि डोकं गुडघ्यांवर टेकवलं. तिच्या पायांना चपलेच्या पट्ट्याखाली फोड आले होते. ते मी आत्ता पाहिले. मी शेजारी बसले. तिनं डोकं वर न करताच विचारलं,

"मंग उद्या कुठीच नाई जायचं न आपल्याले?"