गुलिझारची वाळू

त्या दिवशी उजाडायच्या आतच गुलिझार पायरीवर येऊन बसली होती. डोक्याला फुलाफुलांचा नवा रुमाल, पायात काळे रबरी बूट, मांडीवर पोळ्यांचं गाठोडं. नेरिमानची भाजीची जुनी व्हॅन गल्लीत शिरली तशी ती पोरीसारखी टुणकन उठली. गुडघे दुखतात म्हणून रोज रडगाणं गाणारी बाई, पण त्या दिवशी गुडघे कुठं गेले होते कुणास ठाऊक.

नेरिमान म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. पन्नाशीला आलेली. नवरा गेल्यापासून त्याची व्हॅन स्वतःच चालवते, डेमरे गावचे टोमॅटो बाजारात पोचवते. दोघींनी मिळून गुलिझारच्या मुलाला, साब्रीला, थाप मारली होती की डेमरेला एका पोरीची मेंदी आहे, मदतीला बोलावलंय. खरं सांगितलं असतं तर त्यानं दाराला कडीच लावली असती. डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, काळीज थकलंय, घाटातला प्रवास नको.

आमच्याकडं कुणी प्रवासाला निघालं की घरचं माणूस मागं तांब्याभर पाणी ओततं, पाण्यासारखं जा आणि पाण्यासारखं परत ये म्हणून. पण चोरून निघालेल्यांच्या मागं पाणी कोण ओतणार? तर गाडी हलली तशी गुलिझारनं काच खाली केली, शालीखालून बाटली काढली आणि आपल्याच मागं रस्त्यावर ओतली. निम्मं पाणी तिच्याच बाहीत गेलं. नेरिमान हसून हसून वेडी व्हायची बाकी राहिली.

जायचं कुठं होतं? तर गुलिझारच्या वाळूवर. काश गावाच्या पलीकडं एका खाडीत तिच्या वाट्याची वाळू होती आणि ती तिनं जन्मात पाहिली नव्हती. तिला मरायच्या आधी एकदा तिच्यावर उभं राहायचं होतं, बस्स, एवढंच.

झालं होतं असं, आमची माणसं डोंगरात बकऱ्या घेऊन हिंडणारी. बापानं वाटण्या केल्या तेव्हा पोरांना डोंगर दिला, कुरण दिलं, गव्हाची शेतं दिली, आणि पोरींना समुद्राकाठची वाळू. सगळेच असं करायचे. वाळूत काय पिकतं? भाऊ तिला चिडवायचे की गुली, तुझ्या वाळूत कोंबडीसुद्धा चोच मारायची नाही. तीही रागानं कधी बघायला गेली नाही, आणि लग्नानंतर एका गाईच्या बदल्यात ती वाळू देऊन मोकळी झाली. लाल गाय, पांढऱ्या कपाळाची. पुढं रस्ता झाला, परदेशी माणसं आली, आणि त्या वाळूवर हॉटेल उभं राहिलं. भावांचा डोंगर आजही तसाच, वर बकऱ्या चरतात.

गुलिझारनं मग सगळं आयुष्य रस्त्याच्या वळणावर काढलं. वर ताडपत्री, खाली चूल, पालक आणि बकरीचं चीज भरून पातळ पोळ्या लाटायची आणि गाड्यांतल्या माणसांना खिलवायची. ते हातातला नकाशा पुढं करून त्या हॉटेलची वाट विचारायचे. ती हातानं दाखवायची, पुढं, अजून पुढं. वर आपल्या भाषेत म्हणायची, माझ्याच वाळूवर चाललायसा, नीट झोपा. ते माना डोलवायचे आणि आणखी एक पोळी मागायचे.

एका उन्हाळ्यात ती बसनं तिथवर गेली होती. फाटकावरच्यानं घोटभर पाणीही न देता परत पाठवली, फक्त पाहुण्यांसाठी म्हणाला. तेव्हापासून तिनं धरलं होतं, जायचं तर हिवाळ्यात, सगळं बंद असतं तेव्हा. साब्री म्हणायचा, आई, हिवाळ्यात काय बघायचंय, मी नेतो की उन्हाळ्यात. आणि उन्हाळ्यात तो दुसऱ्याच हॉटेलात मासे तळत उभा.

तर असं ते निघणं. फिनिके गाव सोडलं की रस्ता समुद्राच्या इतका कडेनं जातो की लाट आपटली की काचेवर शिंतोडे. त्या दिवशी तर समुद्र नुसता उधळला होता. वायपर लावू का म्हणून नेरिमाननं विचारलं तर गुलिझार म्हणाली, कशाला, बघू दे की. दरडीचे दगड रस्त्यात पडलेले, ते चुकवत नेरिमान सावकाश चालली होती, आणि ही प्रत्येक वळणाला पुढं वाकून, आता काय दिसतंय, आता काय दिसतंय. काठावरच्या हॉटेलांच्या खुर्च्या एकावर एक रचून दोरीनं बांधलेल्या. गुलिझार म्हणाली, बघ, समुद्रसुद्धा सुट्टीवर असल्यासारखा ओरडतोय.

डेमरेच्या अलीकडं त्यांच्या पुढं एक ट्रक आला. मागं झुंजीचा उंट उभा, अंगावर घुंगरं आणि रंगीत गोंडे, तोंडाला फेस. वळणांमुळं ओलांडता येईना. तो उंट सारखा ह्यांच्याकडंच बघत होता. गुलिझार त्याला म्हणाली, बघतोस काय रं जावयासारखा, उतर खाली, पोळी देते. नेरिमानचं हसण्यात गाडीवरचं लक्ष उडालं, तर हिनं गुडघ्यावर चापट मारली, आधी मला पोचव, मग मर हसून.

घाट चढताना ती जरा गप्प झाली. छातीवर हात ठेवून बसली. नेरिमाननं गाडी हळू केली, म्हणाली, मावशी, परत फिरू या.

"फिरलीस तर मी इथंच उतरून चालत जाईन," गुलिझार म्हणाली. "चल पोरी. कधी नव्हे ते सुख आलंय, त्याची धाप लागलीय."

नेरिमाननं तिच्या तोंडाकडं पाहिलं. गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते. तिला परत फिरवणं जमेना.

काश मागं टाकून पुढं गेल्यावर ती खाडी आली. हॉटेलच्या फाटकाला साखळी, आत चिटपाखरू नाही, फक्त राखणदाराच्या खोपटातून धूर निघत होता. दुर्मुश नावाचा म्हातारा कुत्र्याला आवरत बाहेर आला. मालक बाहेरगावी, मला परवानगी नाही, वर कॅमेरा आहे, सगळं म्हणून झालं. गुलिझारनं साखळीतून हात आत घातला आणि पोळ्यांचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. म्हणाली, ह्या वाळूचा मालक माझा बाप होता आणि त्याच्यानंतर मी. बघून लगेच जाते.

दुर्मुशनं तिला नीट बघितलं. "विकून किती आलं होतं?"

"एक गाय."

त्यानं गाठोडं काखेत धरलं. मग म्हणाला, "माझ्या आईला पलीकडची खाडी मिळाली होती. तिनं शिवणाचं मशीन घेतलं."

"चाललं का मशीन?"

"अजून चालतंय."

"मग ठीक आहे," गुलिझार म्हणाली. "माझी गाय तर म्हातारी होऊन मेली."

दोघं असे हसायला लागले की कुत्रं घाबरून खोपटात पळालं. दुर्मुशनं साखळी काढली, आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यावर आपली लोकरी टोपी नेऊन अडकवली.

बापानं सांगितलेली हद्द तिला पाठ होती. गोड शेंगांच्या जुन्या झाडापासून काळ्या खडकापर्यंत. झाड अजून होतं, त्याच्या बुंध्याला लागूनच हॉटेलनं दारूची टपरी बांधलेली. तिनं झाडाला हात लावला आणि चालायला लागली. नेरिमान हाताला धरायला गेली तर तिला झिडकारलं. बूट वाळूत रुतत होते, आत वाळू शिरत होती, वारा रुमाल ओढत होता, आणि ही आपली चाललीय, थांबतीय, मागं बघतीय, परत चाललीय. शेवटी खडकाला टेकली. जरा दम खाल्ला आणि म्हणाली,

"केवढी मोठी आहे गं, नेरी. मला वाटलं होतं, चादरीएवढी असेल."

"वाईट वाटतंय का मावशी?" नेरिमाननं विचारलं.

"वेडी आहेस. तुझ्या आईला अंगावरचं दूध नव्हतं. तू त्याच गाईवर वाढलीस. तू ही वाळू पिऊनच एवढी धिप्पाड झालीस."

आणि खडकावर बसून दोन्ही हातांनी मांड्या बडवत हसली. मग समुद्राकडं तोंड करून बापाला म्हणाली, बाबा, बघितली बरं का मी, चांगली दिलीत.

निघताना दुर्मुशनं चहा पाजला आणि झाडाच्या शेंगा तिच्या झोळीत भरल्या. तुझ्याच झाडाच्या आहेत म्हणाला.

परतताना तिचं तोंड थांबेना. फेब्रुवारीत बदामाला फुलं येतात तेव्हा दात्चाला जाऊ, म्हणाली. साब्रीला सांगू, मेंदी चांगली झाली, पोरगी जरा ठेंगणी आहे. शेंग चावत चावत उद्याचे, परवाचे बेत. घाट उतरताना ती गप्प झाली. नेरिमानला वाटलं दमून झोपली. तिनं रेडिओ बंद केला, वळणं अगदी हळू घेतली, झोप मोडू नये म्हणून. डेमरेत चहाला गाडी थांबवली आणि हाक मारली तेव्हा कळलं. तोंडावर हसू तसंच होतं, हातात अर्धी शेंग.

साब्री नेरिमानशी बोलला नाही. मातीला दोघं शेजारी शेजारी उभे होते, पण बोलला नाही. घरी येऊन त्यानं रीतीप्रमाणं आईचे बूट दाराबाहेर पायरीवर ठेवले, ज्याला गरज असेल त्यानं न्यावेत म्हणून. आत बायका गेलेल्याच्या नावानं वाटायचा रव्याचा हलवा भाजत होत्या, त्याचा वास गल्लीभर सुटला होता.

दुसऱ्या दिवशी संत्री तोडायला आलेली एक बाई गल्लीतून चालली होती. बूट बघून थांबली. दारात साब्री आणि नेरिमान होते, त्यांच्याकडं तिनं बघितलं. साब्रीनं मान हलवली. तिनं आपल्या फाटक्या चपला काढल्या, एक बूट उचलला, आणि पायरीवर आपटला. वाळू पडली. दुसराही आपटला. मूठ-दोन मुठी निघाली असेल. मग बूट घालून, देव तिला स्वर्ग देवो म्हणून ती गेली.

साब्री बराच वेळ त्या वाळूकडं बघत राहिला. "पोचली म्हणायची," तो म्हणाला. सगळं झाल्यावर नेरिमानशी बोललेला तो पहिला शब्द.

मग तो झाडू आणायला वळला. नेरिमाननं त्याची बाही धरली.

अंगणातली तांबडी कोंबडी पायरीवर चढली होती. मान वाकडी करून तिनं वाळूकडं पाहिलं, पायानं दोनदा उकरलं, आणि चोच मारली.