लेकीच्या नाडीचा झोका

आम्ही तेव्हा भोपाळला बरखेड्यात, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आमची लेक पंधरा वर्षांची, टाउनशिपच्या तलावावर पोहायची, आणि राज्याच्या संघात जायचंच असं तिनं डोक्यात घेतलेलं. तिचे मास्टरजी मला म्हणाले, "बहनजी, सुबह बच्ची के उठने से पहले नब्ज़ गिन लिया करो. बढ़ जाए तो समझो थक गई."

मग काय, रोज पहाटे मी तिच्या उशाशी. एका हातात तिचं मनगट, दुसऱ्यात ह्यांचं घड्याळ. माझी शाळा सातवीपर्यंत, पण मोजायला काय लागतं!

आणि एक दिवस मोजता मोजता मी थांबलेच. नाडी एकसारखी पडेना. दोन-तीन ठोके भराभर, मग एक रेंगाळलेला. ह्यांना उठवलं. ह्यांची सगळी नोकरी मशीन एकसारखं फिरतंय ना, हे कान लावून ऐकण्यात गेलेली. ह्यांनी मनगट धरलं नि चेहराच उतरला. झालं! पोहे कढईत तसेच टाकून आम्ही पोरीला घेऊन दवाखान्यात.

डॉक्टरीणबाई ग्वाल्हेरच्या, मराठी. तपासलं नि हसायलाच लागल्या. "काकू, तिनं श्वास घेतला की ठोके भराभर, सोडला की सावकाश. बघा धरून. ताज्यातवान्या पोराचं हृदय असंच चालतं. उलट हा झोका थांबून घड्याळासारखी टकटक सुरू झाली, तर दमली असेल असं समजा."

हे बाहेर येऊन म्हणाले, "अडखळणारं मशीन चांगलं म्हणणारी पहिलीच बाई बघितली!"

मला मात्र नाडीचा नादच लागला. रोज सकाळी तो झोका हाताला लागला की मी खुशीत पोहे फोडणीला टाकायची.

निवडीला आठ दिवस उरले तसं मास्टरजींनी दोन्ही वेळचं पोहणं वाढवलं. चार दिवसांत झोका गेला. टक, टक, टक. ठोके मोजावेत तर जेमतेम दोन-तीन जास्त. पण पोरगी भरल्या ताटावरून उठायला लागली, शब्दाला शब्द लागला की रडायची.

मी तडक तलावावर. "मास्टरजी, इसको दो दिन छुट्टी दो."

"ट्रायल सर पे है बहनजी! गिनती तो ठीक है."

"गिनती ठीक है, झूला बंद है."

लेक पाण्यातून ओरडली, "आई, घरी जा ना! दोन दिवस बाहेर बसले तर संपलंच माझं!"

खरं सांगते, मीही घाबरले होते. माझं चुकलं असतं तर तिचं अख्खं वर्ष माझ्यामुळे बुडालं असतं. पण त्या संध्याकाळी हेच मध्ये पडले. लेकीला म्हणाले, "ओव्हरलोडवर मशीनसुद्धा आम्ही सारखं चालवत नाही. तू तर माणूस आहेस. झोप गुपचूप."

दोन दिवस ती फुगून बसली, आमरस चापला आणि ढाराढूर झोपली. तिसऱ्या पहाटे मी मनगट धरलं. एक, दोन, तीन... आणि चौथा रेंगाळला! मी मोठ्यानं म्हणाले, "आला गं बाई, झोका आला!"

"आई, झोपू दे ना," म्हणून तिनं कूस बदलली.

निवडीत पहिल्या दोघींना घेणार होते. मी सगळा वेळ डोळे मिटून. शेवटी ह्यांनी माझा खांदा गदागदा हलवला. "दुसरी आली अगं! दुसरी!"

मास्टरजी धावतच आले. "बहनजी, कल से सब बच्चों की नब्ज़ आप देखोगी!" आणि खरंच, पुढे तलावाच्या पायऱ्यांवर माझ्यासमोर मनगटांची रांगच लागायची. आता लेकीच्या मनगटावरचं घड्याळ तेच सांगतं, हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात म्हणे त्याला. मी झोकाच म्हणते.

निवडीच्या दिवशी घरी परतताना ह्यांनी हळूच आपला हात पुढे केला. "माझी बघ जरा."

मी धरली. टक, टक, टक.

"ह्या वयात अशीच असायची," मी म्हटलं, "पण तुमच्या साठलेल्या रजा कधी घेणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा भोंगा झाला, तेव्हा हे चक्क घोरत होते.